गणेश वासुदेव जोशी

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (जन्म : सातारा, ९ एप्रिल १८२८, मृत्यू : पुणे, २५ जुलै १८८०) हे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील वकील, समाजकार्यकर्ते आणि स्वदेशी चळवळीचे आद्य प्रवर्तक होते. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे ते संस्थापक होते आणि अखेरपर्यंत तिचे प्रमुख कार्यकर्ते राहिले. जनतेच्या वतीने सरकारशी बोलणाऱ्या संस्थेजवळ जनतेने दिलेला लेखी अधिकार असावा, हे तत्त्व त्यांनी सभेच्या घटनेत प्रत्यक्ष उतरवले. नगरपालिकांतही लोकनियुक्त प्रतिनिधी नसण्याच्या त्या काळात हा प्रयोग असाधारण होता. नागरिकांच्या संघटित सार्वजनिक कार्याच्या इतिहासात जोशी यांचे स्थान मुख्यतः त्यामुळे आहे.

पूर्वायुष्य

जोशी यांचा जन्म सातारा येथे झाला. त्यांच्या बालपणी साताऱ्यास छत्रपतींचे राज्य होते. मात्र त्यावर कंपनी सरकारचा अंमल चालत असे. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले आणि त्यांचे वकील रंगो बापूजी यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे राहून त्यांची बाजू मांडली. त्या प्रयत्नांना यश आले नाही. १८४८ मध्ये पुढील छत्रपतींचे निधन झाल्यावर लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत सातारा राज्य खालसा झाले. अर्ज, कैफियत आणि वकिली यांच्या मार्गाने सत्तेकडे न्याय मागण्याचा हा मोठा प्रयत्न जोशी यांच्या गावी त्यांच्या लहानपणापासून तारुण्यापर्यंत चालू होता.

तरुणपणी ते पुण्यास आले. प्रारंभी काही काळ सरकारी कचेरीत नोकरी केल्यावर ते वकिलीकडे वळले. या व्यवसायामुळे कायदा, दस्तऐवज आणि सरकारी कामकाजाची पद्धत यांची त्यांना चांगली माहिती झाली. पुढे सभेची रचना करताना त्यांना या ज्ञानाचा उपयोग झाला.

पर्वती संस्थानचा वाद

सार्वजनिक सभेचा उगम एका स्थानिक तक्रारीत आहे. पुण्यातील पर्वतीचे देवस्थान नानासाहेब पेशव्यांच्या काळात उभे राहिले. पेशवाई गेल्यावर त्याच्या व्यवस्थेवर सरकारची देखरेख होती. १८६३ च्या कायद्याने सरकारने धार्मिक संस्थांच्या कारभारातून अंग काढून घेतले आणि ही व्यवस्था स्थानिक पंचांकडे सोपवली. पर्वती संस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयी पुढील काही वर्षांत शहरात असंतोष वाढला. देवस्थानच्या उत्पन्नाचा हिशेब नीट ठेवला जात नाही, अशी नागरिकांची तक्रार होती.

या तक्रारीचा विचार करण्यासाठी पुण्यात नागरिकांच्या सभा भरल्या. त्यांत जोशी यांनी पुढाकार घेतला. पंच लोकांच्या नावाने कारभार पाहत होते, पण त्यांना जाब विचारण्याचा अधिकार नेमका कोणाचा हे ठरलेले नव्हते. तक्रार करणाऱ्यांची स्थितीही तशीच होती. ते शहराच्या वतीने बोलत असले, तरी शहराने त्यांना तसे सांगितल्याचा कोणताही पुरावा नव्हता. या अडचणीतून कायमस्वरूपी संस्थेची कल्पना पुढे आली. देवस्थानापुरता विचार न करता लोकांच्या सर्वच प्रश्नांत लक्ष घालणारी संस्था असावी, असे ठरले आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

मुखत्यारपत्राची पद्धत

राजकीय स्वरूपाच्या संस्था त्यापूर्वीही निघाल्या होत्या. मुंबईत १८५२ मध्ये जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींनी बॉम्बे असोसिएशन स्थापन केली होती. दादाभाई नौरोजींनी १८६६ मध्ये लंडन येथे ईस्ट इंडिया असोसिएशन काढली होती. पुण्यातही १८६७ मध्ये पूना असोसिएशन सुरू झाली होती. या संस्था प्रामुख्याने वर्गणी देणाऱ्या प्रतिष्ठित सभासदांच्या होत्या. त्यांनी अर्ज केला की काही थोड्या सुशिक्षितांचे हे मत आहे, सामान्य रयतेचा त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणून सरकारला तो बाजूला ठेवता येत असे.

सार्वजनिक सभेने या आक्षेपाला उत्तर देणारी रचना केली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम तिने केला. वकील ज्याप्रमाणे पक्षकाराचे वकीलपत्र दाखल केल्यावाचून न्यायालयात बोलू शकत नाही, त्याप्रमाणे लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने लोकांचे पत्र दाखवावे, असा या नियमाचा आशय होता. सभेच्या आरंभीच्या काळात पंचाण्णव सभासद होते आणि त्यांना सुमारे सहा हजार लोकांनी मुखत्यारपत्रे दिली होती. जात आणि धर्म यांचा निर्बंध ठेवण्यात आला नव्हता. सभासदास निःपक्षपातीपणे काम करण्याची शपथ घ्यावी लागे.

सभासदांत सरदार, इनामदार, सावकार, व्यापारी, वकील, निवृत्त सरकारी नोकर आणि पत्रकार होते. कोणत्याही कायद्याने ही निवडणूक मान्य केलेली नव्हती आणि सभेचे म्हणणे ऐकण्याचे बंधन सरकारवर नव्हते. तरीही मागणी करणाऱ्याच्या पाठीशी किती माणसे आहेत हे सह्यांवरून सिद्ध करता येत असे. पुण्यातील बहुतेक सार्वजनिक कार्यांत जोशी यांचा सहभाग असल्यामुळे लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले आणि मूळ नावापेक्षा हेच नाव रूढ झाले.

सभेचे कार्य

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील नेमणुकीवर पुण्यास आले. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना संस्थेचे पद स्वीकारता येत नव्हते. परंतु सभेच्या वैचारिक कामाची धुरा बऱ्याच अंशी त्यांच्याकडे आली. अभ्यास आणि मसुदा रानड्यांचा, तर लोकांत जाऊन माणसे जोडणे, सभा भरवणे आणि पत्रव्यवहार पुढे नेणे हे काम जोशी यांचे, अशी विभागणी साधारणपणे दिसते. सीताराम हरी चिपळूणकर हेही सभेचे एक महत्त्वाचे कार्यकर्ते होते.

सभेने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) कापसाचे भाव चढले होते. युद्ध संपल्यावर ते कोसळले. त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर तालुक्यापासून जमीन महसुलाची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा मोठ्या प्रमाणावर वाढला. सभेने या प्रश्नाच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली, जिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि १८७३ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. सारा भरण्यासाठी शेतकऱ्याला सावकाराकडे जावे लागते आणि कर्जामुळे जमीन त्याच्या हातून निघून जाते, असे या पाहणीतून दाखवण्यात आले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. सरकारने त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी करणारा अर्जही सभेने याच दशकात केला. १८७८ मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यात जमीन महसूल, दुष्काळ, शिक्षण आणि प्रशासन या विषयांवर आकडेवारीसह लेख येत असत. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणाऱ्या १८७८ च्या कायद्यालाही सभेने विरोध केला.

न्यायालयीन खर्च आणि विलंब यांतून लोकांची सुटका व्हावी म्हणून सभेच्या प्रयत्नाने लवाद न्यायालये सुरू झाली. दोन्ही पक्षांच्या संमतीने तंटा मिटवणे हा त्यांचा हेतू होता. वकिलीवर उपजीविका असलेल्या जोशी यांनी खटले न्यायालयाबाहेर मिटवण्याच्या या उपक्रमाला पाठबळ दिले, हे लक्षणीय आहे.

स्वदेशीचा पुरस्कार

१२ जानेवारी १८७२ रोजी जोशी यांनी देशात तयार झालेले जाडेभरडे कापडच वापरण्याचे व्रत घेतले आणि ते जन्मभर पाळले. धोतर, उपरणे आणि पागोटे हा त्यांचा सर्व पोशाख खादीचा असे. परदेशी मालामुळे देशी कारागिरांचा धंदा बुडत असल्याचे विचार लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी पूर्वीच मांडले होते. रानडे यांनीही देशी व्यापारावर पुण्यात व्याख्याने दिली. जोशी यांनी हा विचार रोजच्या आचरणात आणला आणि देशी मालाच्या निर्मितीला व विक्रीला उत्तेजन देण्यासाठी मंडळ्या आणि दुकाने काढण्याचा प्रयत्न केला.

भांडवल, यंत्रे आणि अनुभव यांची उणीव असल्यामुळे या उद्योगांना बेताचेच यश मिळाले. वंगभंगाच्या चळवळीत (१९०५) स्वदेशीला देशव्यापी रूप आले, त्यापूर्वी तीस-बत्तीस वर्षे हे प्रयत्न झाले होते.

सरस्वतीबाई जोशी

जोशी यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्री विचारवती सभा स्थापन केली. स्त्रियांनी एकत्र यावे आणि आपल्या प्रश्नांचा विचार करावा, हा तिचा हेतू होता. हळदीकुंकवाच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांना एकत्र बोलावण्याचा उपक्रम या सभेने केला. शिवाशिवीचे नियम कडकपणे पाळले जात असलेल्या तत्कालीन पुण्यात असे एकत्र येणे धाडसाचे होते. परिचित घरगुती समारंभाचा सार्वजनिक कार्यासाठी उपयोग करण्याचे हे महाराष्ट्रातील एक आरंभीचे उदाहरण आहे.

दुष्काळ आणि दिल्ली दरबार

१८७६ मध्ये पावसाने दगा दिला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर आणि कलादगी या जिल्ह्यांना त्याची मोठी झळ बसली. १८७८ पर्यंत चाललेल्या या दुष्काळात देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसे मरण पावली, असा अंदाज आहे. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपले प्रतिनिधी पाठवले. गावातील पीकपाणी, धान्याचे भाव, गुरांची स्थिती, स्थलांतर आणि दुष्काळी कामांवरील मजुरांची अवस्था यांचे वृत्तांत त्यांच्याकडून मागवण्यात आले. ते संकलित करून सभेने सरकारला वेळोवेळी सादर केले आणि प्रसिद्धही केले.

जानेवारी १८७७ मध्ये भारत सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनुसार मजुरी कमी करण्यात आली. मजुराच्या रोजच्या अन्नाचे मान एक पौंड धान्यावर आले. दिवसभर खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या माणसाला एवढे अन्न पुरणे शक्य नव्हते. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या निर्णयाविरुद्ध कामे सोडली. सभेने मजुरांची बाजू घेऊन सरकारकडे निवेदने पाठवली. खेड्यांतून आलेले प्रत्यक्ष वृत्तांत हाताशी असल्यामुळे या निवेदनांना वजन होते. विल्यम डिग्बी यांनी दक्षिण हिंदुस्थानातील दुष्काळावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथातही सभेच्या या कामाची दखल घेतली आहे.

दुष्काळ चालू असतानाच १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत दरबार भरवला आणि राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. संस्थानिकांच्या जरीच्या पोशाखांनी आणि दागिन्यांनी नटलेल्या या समारंभास सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून जोशी खादीचा साधा पोशाख करून उपस्थित राहिले. सभेच्या वतीने सादर झालेल्या मानपत्रात राणीच्या ब्रिटिश प्रजेला असलेले राजकीय व सामाजिक स्थान हिंदी प्रजेलाही मिळावे, अशी मागणी होती. भाषा राजनिष्ठेची असली, तरी मागणी समान नागरिकत्वाची होती.

फडके यांचा खटला

१८७९ हे वर्ष सभेच्या दृष्टीने कसोटीचे ठरले. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी आणि इतरांना बरोबर घेऊन सशस्त्र बंड उभारले. फडके यांच्यावर रानडे आणि जोशी यांच्या व्याख्यानांचा परिणाम झाला होता आणि त्यांनी स्वदेशीचे व्रतही स्वीकारले होते. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आग लागली, तेव्हा संशय प्रथम बंडखोरांवर गेला. पुढे या आगीचा बंडाशी संबंध नसल्याचे निष्पन्न झाले. पण तोवर सरकारी गोटात पुण्यातील सुशिक्षितांविषयी अविश्वास वाढला होता. तत्कालीन गव्हर्नर टेंपल यांच्या पत्रव्यवहारात तो स्पष्टपणे दिसतो. रानडे यांची धुळ्यास बदली झाली आणि त्यांचे टपाल तपासले जाऊ लागले.

जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि त्यांच्यावर पुण्याच्या सत्र न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे बंडखोराचा साथीदार असल्याचा संशय ओढवून घेणे होते. जोशी यांच्या बाबतीत धोका अधिक होता, कारण सनदशीर मार्गाने चालणारी सभाही त्यामुळे संशयात सापडली असती. तरीही त्यांनी फडके यांचा बचाव स्वीकारला. शस्त्राचा मार्ग सभेने कधीच स्वीकारला नव्हता आणि जोशीही सनदशीर मार्गाचेच पुरस्कर्ते होते. आरोपीची बाजू न्यायालयात मांडली जावी, या वकिलाच्या कर्तव्याला धरून त्यांनी हे काम केले. फडके यांची दैनंदिनी आणि आत्मवृत्त सरकारच्या हाती पडल्यामुळे पुरावा भक्कम होता. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे एडन येथील तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

टीका आणि मर्यादा

सार्वजनिक सभा नियमाने सर्वांना खुली असली, तरी तिच्या सभासदांत ब्राह्मणांचे प्रमाण फार मोठे होते. सभा शेतकऱ्यांविषयी बोलत असे, पण शेतकरी स्वतः तिच्या बैठकीत क्वचितच असत. १८७३ मध्ये पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन करणारे महात्मा जोतीराव फुले यांनी या विसंगतीवर कठोर टीका केली. शूद्रातिशूद्रांना ज्या संस्थेत स्थान नाही, तिला सार्वजनिक म्हणवून घेण्याचा अधिकार पोहोचत नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय होता.

या टीकेत तथ्य होते. पन्नास सह्या गोळा करण्यासाठी ओळखी, प्रतिष्ठा आणि सवड लागत असे आणि ती साधने समाजातील वरच्या थरांकडेच होती. सावकार आणि इनामदार सभासद असलेल्या संस्थेला शेतकऱ्यांच्या कर्जाच्या प्रश्नावर साऱ्याइतकेच सावकारीवर बोट ठेवणेही अवघड होते. मुखत्यारपत्राच्या पद्धतीने प्रतिनिधित्वाचे तत्त्व मान्य केले. मात्र सर्व समाजाचे प्रतिनिधित्व त्या पद्धतीतून साधले नाही.

मृत्यू आणि वारसा

फडके यांच्या खटल्यानंतर वर्षभराच्या आत, २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी जोशी यांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, मे १८८२ मध्ये, लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव जाहीर केला आणि मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांची संख्या वाढू लागली. नागरिकांनी प्रतिनिधी निवडावेत आणि त्यांनी कारभाराचा जाब विचारावा, ही गोष्ट मर्यादित मतदारांपुरती का होईना, कायद्याने मान्य झाली.

डिसेंबर १८८५ मध्ये भारतीय राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरवण्याचे ठरले होते आणि त्याची तयारी सार्वजनिक सभेकडे होती. पुण्यात पटकीची साथ आल्यामुळे ते मुंबईस हलवण्यात आले. पुण्याच्या धर्तीवर इतरत्रही सार्वजनिक सभा निघाल्या. अमरावती येथील वऱ्हाड सार्वजनिक सभेचे काम रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांनी अनेक वर्षे पाहिले. ते १९१२ मध्ये राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. १८९१ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन नागपूर येथे भरले, त्यामागेही मध्य प्रांत आणि वऱ्हाड येथे वाढलेली ही संघटित सार्वजनिक वृत्ती होती.

पुढील काळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी सभेचे चिटणीस म्हणून आणि त्रैमासिकाचे संपादक म्हणून काम केले. १८९५ मध्ये सभेची सूत्रे लोकमान्य टिळक यांच्या पक्षाकडे गेली आणि १८९६ मध्ये रानडे व गोखले यांच्या गटाने डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना सारा तहकुबीविषयीच्या त्यांच्या हक्कांची माहिती गावोगावी दिली. १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. त्यामुळे तिची निवेदने स्वीकारण्याचे सरकारने बंद केले. लोकांच्या वतीने बोलण्याचा तिचा अधिकार मात्र सरकारी मान्यतेतून आलेला नव्हता. तिच्या स्थापनेच्या वेळी तो सहा हजार लोकांच्या सह्यांतून आला होता. पुणे सार्वजनिक सभा ही संस्था आजही पुण्यात कार्यरत आहे.